कोरडी मिस्सा

मी मोठीबायच्या घरी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा तिनं मला दारातच उभं करून तीन प्रश्न विचारले. बोंबील खातेस का? मांजर पाळणार आहेस का? आणि मिस्सा चालू असताना पाद्रीबाबा वेदीकडून आपल्याकडे वळून 'दोमिनुस वोबिस्कुम' म्हणतात, तेव्हा आपण काय म्हणायचं?

पहिल्या दोन प्रश्नांत मी पास झाले. तिसऱ्याला लहानपणी शिकवलं होतं तसं म्हणाले, "एत कुम स्पिरितू तूओ."

मोठीबायनं कपाळावर हात मारला.

"वसईला असं शिकवतान? नीट आयक. 'एक कुंपन फिरतू तो.'"

"पण मोठीबाय, ते लातिन आहे."

"लातिनच सांगतंय तुना. देव आपल्या भोवती कुंपनासारखा फिरतो, असा त्याचा अर्थ. एवढं सोपं पन तुमाला समजत नाय?"

मी तेव्हा वीस वर्षांची होते. वसईहून ठाण्याला आले होते ती तळ्याजवळच्या आमच्या देवळाच्या शाळेत मुलींना शिकवायला. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो आणि तिथल्या उपासनेला मिस्सा. देवळामागच्या वाडीत मोठीबायचं घर होतं आणि त्यातली एक खोली माझी. तिचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत असेल. मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. सगळी वाडी तिला मोठीबायच म्हणायची. ती वयानंही मोठी होती आणि आकारानंही. दारातून ती यायची ती हप्त्यानं यायची, आधी थोडी आणि मग उरलेली.

तिच्याकडे कोंबड्या होत्या. ज्या संताच्या सणाच्या आसपास पिल्लू अंड्यातून निघालं, त्याचं नाव त्या पिल्लाला. त्यामुळे परसात मोनिका होती, कातारीन होती, बारबारा होती, आणि कोंबड्याचं नाव पेद्रू. नावं तिनं भक्तीनं ठेवली होती, पण एक अडचण झाली. संताला कापून रस्सा कोण करणार? म्हणून कोंबड्या म्हाताऱ्या होत गेल्या आणि संख्या वाढत गेली. संध्याकाळी ती एकेकीला नावानं हाक मारून खुराड्यात घ्यायची. "सांत मोनिका! सांत बारबारा!" वाटेनं जाणारी भाविक माणसं थबकायची आणि प्रत्येक नावापाठी हात जोडून म्हणायची, "आमच्यासाठी विनंती कर." बाहेरून येणाऱ्यांना वाटायचं की काय ही भक्ती, रोज संतांची नामावळी! मोठीबायनं कुणाचा गैरसमज दूर केला नाही. उलट ती म्हणायची, "लोकं चार नावं देवाची घेतान, कोंबड्या आत जातान. दोनी कामं झाली."

देवळात तिची जागा पुढून दुसऱ्या रांगेत. तिथं बसून ती पाद्रीबाबांचं प्रवचन ऐकायची आणि पुरेसं झालं असं वाटलं की खोकायची. पहिला खोकला म्हणजे आवरा. दुसरा म्हणजे आता फार झालं. तिसऱ्या खोकल्यापर्यंत पाद्रीबाबांनी कधी जाऊ दिलं नाही. आमचे पाद्रीबाबा गोव्याचे, वयस्कर, अंगानं सुपारीएवढे, बोलायला मऊ. ते बिशपांना भीत नसत, पण मोठीबाय खाकरली की त्यांचं वाक्य अर्ध्यात तुटायचं.

तिचं एकच वैर होतं आणि ते मात्र तिनं देवघरासारखं जपलं होतं. आमच्या वाडीत एक शिवणकाम करणारी विधवा बाई होती. तिला सगळे शिवणबाय म्हणत. कधी काळी सणाला मातेच्या मूर्तीला नवा झगा शिवायचा होता. मोठीबायला वाटलं होतं की काम आपल्याला मिळेल. ते मिळालं शिवणबायला. झगा अंगावर चढला तेव्हा मोठीबाय भर देवळात म्हणाली, "आई माझे! मातेला पार हवालदारीन करून टाकली. आनि गळा बग, वाकडा!" त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. नुसतं बोलणं बंद करून मोठीबायचं भागलं नाही. तिनं आपल्या नात्यागोत्यातल्या बायका देवळात अशा पेरून बसवल्या की शिवणबायला खांबामागची एकच जागा उरली. वर्षानुवर्षं शिवणबायनं मिस्सा कानांनीच ऐकली.

आणि मग प्लेग आला.

आधी मुंबईच्या बातम्या यायच्या. मग एके दिवशी बाजारात उंदीर मरून पडले, आणि आठ दिवसांत लोक ठाणं सोडून निघाले. सरकारी हुकूम आला की घरं मोकळी करून बाहेर माळावर झोपड्या बांधून राहा. आमच्या वाडीला कोपरीच्या पलीकडे, मिठागरांच्या अलीकडची भातखाचरं मिळाली. पीक निघून गेलं होतं, जमीन भेगाळली होती. गवत, बांबू आणि झावळ्या यांच्या झोपड्या दोन रांगांत उभ्या राहिल्या. मोठीबायनं एका बैलगाडीत देवाचा क्रूस, उखळ, मला आणि सगळ्या संतांना घातलं. पेद्रू वाटभर आरवत होता.

निघण्याआधी पाद्रीबाबांनी देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं होतं, "लोकांनो, गर्दी करू नका. देऊळ बंद राहील. मी एकटा वेदीवर तुमच्यासाठी मिस्सा करीन. तुम्ही आपापल्या ठिकाणी जपमाळ म्हणा. रविवार चुकला म्हणून पाप लागणार नाही."

"असं कसं लागनार नाय?" मोठीबाय म्हणाली. "लागायलाच पायजे! नायतर लोकांना सवय लागंल."

पहिल्याच रविवारी तिनं दोन रांगांच्या मधोमध उखळ पालथं घातलं आणि त्यावर चढली. तो देखावा मी कधी विसरणार नाही. मागे खाडीकडचा वारा, समोर झोपड्यांच्या दारांत आपापली कुटुंबं, आणि उखळावर मोठीबाय, लुगड्याचा पदर खोचून.

"कोनी जागा सोडायची नाय," तिनं फर्मावलं. "जो तो आपल्या दारात. बैलगाडी आपली वेदी. उजवीकडं बापये, डावीकडं बायका…"

"मोठीबाय," मी खालून म्हणाले, "घरं तर मिसळलेली आहेत. नवरा-बायको एकाच दारात बसलेत."

"मग दाराची उजवी बाजू आनि डावी बाजू! तू मास्तरीन ना गो?"

तेवढ्यात शिवणबायच्या दारासमोर मला एक बांबू दिसला. चांगला हातभर खोल रोवलेला, मांडीएवढा जाड. शिवणबाय कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"ह्यो काय?" तिनं माझ्याकडे बघून विचारलं, कारण मोठीबायशी ती बोलत नव्हती.

मोठीबायनंही मलाच सांगितलं, "तिला सांग, खांब हाय. जिची जागा जिथं, तिथं."

शिवणबायनं सोमवारी बांबू उपटला आणि त्यावर लुगडी वाळत घातली. पुढच्या रविवारी तो पुन्हा जागेवर होता. असं किती आठवडे चाललं कोण जाणे. आमच्यापैकी कुणी मोठीबायला बांबू रोवताना पाहिलं नाही आणि शिवणबायनं उपटायचा कधी कंटाळा केला नाही.

तर ती मिस्सा. मिस्सा फक्त पाद्रीच करू शकतो, हे मोठीबायला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं आपल्या मिस्सेला नाव दिलं, कोरडी मिस्सा. भाकर नाही, द्राक्षारस नाही, बाकी सगळं. ती पाद्रीबाबांचं म्हणायची, आम्ही आमचं म्हणायचो. लातिन तिला तोंडपाठ होतं, म्हणजे तिचं लातिन. "दोमिनुस वोबिस्कुम!" ती उखळावरून गर्जायची आणि दोन्ही रांगांतून उत्तर यायचं, "एक कुंपन फिरतू तो!" मी आधी बरोबरचं म्हणायचे. तिसऱ्या रविवारपासून माझी जीभही तिकडेच वळायला लागली.

मधेच ती एकदम थांबायची. हात वर करायची. "गुडघ्यावर. आता पाद्रीबाबांचं काम." आणि मग सगळा माळ गप्प. तिनं वेळ अशी साधलेली असायची की थोड्याच वेळात दूर ठाण्यातून, बंद देवळातून घंटा ऐकू यायची. तिकडे त्या एकट्या म्हाताऱ्यानं वेदीवर भाकर वर उचललेली असायची. इकडे आमची डोकी खाली. घंटा थांबली की मोठीबाय डोळे पुसायची आणि लगेच ओरडायची, "चला उठा, प्रवचन ऱ्हायलंय."

प्रवचनात देव कमी आणि आम्ही जास्त. "येशूनं पान्याचा द्राक्षारस केला. तुमाला कोन तेवढं सांगत नाय. निदान उकळून तरी प्या! परवा दिवशी कुनी विहिरीवर मेलेल्या उंदराची बात लपवली, मना माहीत हाय. नाव घेनार नाय. डावीकडून चौथी झोपडी." चौथ्या झोपडीतला माणूस मान खाली घालायचा आणि त्या आठवड्यात सगळ्या रांगेचं पाणी उकळायचं.

आता अशी गोष्ट लपून कशी राहणार? कुणीतरी पाद्रीबाबांना जाऊन सांगितलं की एक बाई माळावर मिस्सा करते, महापाप चाललंय. पुढच्या रविवारी आपली मिस्सा उरकून पाद्रीबाबा भाड्याच्या गाडीनं आले. डोक्यावर छत्री, नाकाला कापराचा रुमाल. ते आले तेव्हा मोठीबायचं प्रवचन चालूच होतं. त्यांना पाहून ती उखळावरून म्हणाली, "उशीर झाला. बसा तिथं."

आणि पाद्रीबाबा आमच्या झोपडीच्या दारात माझ्या शेजारी, पण वावभर अंतर ठेवून, खाली बसले.

मोठीबाय त्या दिवशी रंगात होती. नोहाच्या तारवावर आली आणि मग उतरायलाच तयार नाही. तारवात कोण कुठल्या फळीवर बसला होता, कोण घाण करत होता, हत्तीची सोंड कुणाच्या ताटात जात होती. ऊन चढलं. पाद्रीबाबांनी छत्री उघडली. मिटली. मग त्यांच्या चेहऱ्यावर मी एक विचित्र, पोरकट आनंद उमटताना पाहिला. त्यांनी रुमाल बाजूला केला, छाती भरून घेतली आणि खोकले.

एकदम खणखणीत.

वर्षानुवर्षांचं उट्टं त्यात होतं. पण प्लेगाच्या दिवसांत भर सभेत खोकायचं म्हणजे काय, याचा विचार त्या भल्या माणसानं केला नव्हता. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही रांगांतली झावळ्यांची दारं पटापट लागली. पोरं आत ओढली गेली, कोंबड्या उधळल्या, कुणी लोटा टाकला, कुणी आजोबांना बाहेरच विसरलं. मीही आत पळाले, हे कबूल करते. झावळीच्या फटीतून पाहिलं तर साऱ्या माळावर त्या विसरलेल्या आजोबांखेरीज दोनच माणसं उरली होती, उखळावर मोठीबाय आणि खाली पाद्रीबाबा.

"पाद्रीबाबा," ती म्हणाली, "ताप हाय?"

"नाही गे बाय," ते ओशाळून म्हणाले. "प्रवचन लांबलं म्हणून…"

मोठीबायचं पोट हललं, खांदे हलले, आणि ती इतकी हसली की उखळावरून घसरून खाली बसली. पाद्रीबाबाही हसायला लागले. एकेक दार किलकिलं झालं.

हसणं ओसरल्यावर त्यांनी तिला विचारलं, "आणि ते कुंपण काय म्हणता म्हणे तुम्ही?"

तिनं सांगितलं. त्यांनी खरा अर्थ सांगितला, पाद्री म्हणतो 'प्रभू तुमच्याबरोबर असो' आणि लोक म्हणतात 'आणि तुझ्या आत्म्याबरोबर.' मोठीबायनं दोन्ही तोलून पाहिले.

"ते पन बरं हाय," ती म्हणाली. "पन सध्या कुंपनच पायजे."

पाद्रीबाबांनी दोन रांगांकडे, प्रत्येक दारातल्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चालू दे. फक्त तारू लवकर किनाऱ्याला लावत जा."

त्यानंतर दोन आठवड्यांची गोष्ट. मोठीबाय श्रद्धेची प्रार्थना म्हणत होती आणि अर्ध्यातच थांबली. ती घंटेची वेळ नव्हती. मला वाटलं विसरली. ती शिवणबायच्या झोपडीकडे बघत होती. बांबू जागेवर होता, त्यामागं कुणी नव्हतं.

"ती कुठं हाय?" तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता.

शिवणबायची सून दारात आडवी उभी राहिली. "आईला बरं नाय. डोकं दुकतंय."

मोठीबाय उखळावरून उतरली आणि चालायला लागली. इतक्या आठवड्यांत तिनं कुणाला कुणाच्या दाराशी जाऊ दिलं नव्हतं. सुनेला तिनं हातानं बाजूला सारलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी पूर्वी कधी न पाहिलेला होता.

"काखंत गाठ हाय," ती म्हणाली. "परवापासनं ताप हाय. परवापासनं!"

सून रडायला लागली. "मोठीबाय, तुमच्या पाया पडते, तपासनीवाल्यांना सांगू नका. मांडवात नेलेलं मानूस परत येत नाय."

सरकारनं प्लेगच्या रोग्यांसाठी गावाबाहेर इस्पितळाचा मांडव घातला होता. त्या मांडवाचं भय आम्हा सगळ्यांच्याच पोटात होतं. लोक रोगी धान्याच्या कणगीत लपवत, पण तिथं धाडत नसत. दोन्ही रांगांतून आवाज उठले. "नको सांगू, मोठीबाय." "घरचं मानूस घरी जाऊ दे." एकजण म्हणाला, "तुझं तिचं वैर हाय म्हनून काय…"

तो पुढचं बोलला नाही, कारण मोठीबायनं त्याच्याकडे पाहिलं.

"हितं ठेवली तर ती जाईल, सून जाईल आनि मग तू पन जाशील," ती म्हणाली. "मांडवात डाक्तर हाय. आनि मी हाय."

"तू?" मी म्हणाले.

"मी शिवलेय तिला. आता मना कोन बाहेर ठेवील?" मग ती माझ्या कानाशी वाकली, पण जवळ न येता, म्हणजे ओरडलीच. "मास्तरीन, कोंबड्या संभाळ! आनि पुढचा रविवार तुझा!"

डॉक्टरांना निरोप मीच धाडला. दुपारी डोली आली. शिवणबाय शुद्धीत नव्हती. डोलीमागून मोठीबाय चालत गेली, हातात क्रूस, खांद्याला पाण्याचं भांडं. सून तिला शिव्या देत होती. मोठीबायनं मागं वळून पाहिलं नाही. त्या आठवड्यात आमच्या रांगेत कुणी मोठीबायचं नाव चांगल्या शब्दांत घेतलं नाही.

रविवारी मी उखळावर चढले. मी कागदावर सगळं नीट, शुद्ध लातिनमध्ये लिहून आणलं होतं. वाऱ्यानं पहिलाच कागद खाचरात उडवला आणि तो बारबारानं चोचीत धरला. मी तशीच ओरडले, "दोमिनुस वोबिस्कुम!" उत्तर येईल की नाही, शंका होती. लोक रागावलेले. मग एका दारातून, मग दुसऱ्या, मग साऱ्या रांगांतून, "एक कुंपन फिरतू तो!" सूनसुद्धा म्हणाली, रडत रडत. घंटेची वेळ मला साधली नाही. आम्ही गुडघ्यांवर इतका वेळ वाट पाहत राहिलो की पोरांच्या पायांना मुंग्या आल्या. प्रवचन मी केलं नाही. मला कुणाचीच चौथी झोपडी माहीत नव्हती.

मांडवात काय झालं ते शिवणबायनं मला नंतर सांगितलं, कितीतरी वेळा सांगितलं आणि दर वेळी तिला तेवढंच हसू यायचं.

"मी मरायला टेकलेली गो. डोळ्यांसमोर उजेड दिसत होता. बरं पन वाटत होतं. आनि ही कानाशी येऊन म्हनते, 'त्या झग्याचा गळा वाकडाच होता.' इतक्या वर्षांनी माझ्याशी बोलली, ती हे! मी म्हटलं, कुठं वाकडा? ती म्हनते डावीकडं. मी म्हटलं, मातेच्या मूर्तीचा खांदाच तसा हाय, कापड काय करील? ती म्हनते, मग कापड तिरपं धरायचं. दोन दीस भांडलो. ताप चढलेला, पन हिला जबाब न देता मरायचं कसं? तिसऱ्या दिवशी डाक्तरनं गाठ फोडली. चौथ्या दिवशी ताप उतरला. मी डोळे उघडले तर ही पेज घेऊन बसलेली. म्हनते, 'बरं, थोडाच वाकडा होता.'"

मांडवात दोन्ही वेळा प्रार्थना चालायची. एक आगरी म्हातारा, एक मुसलमान गाडीवान आणि टेंभी नाक्याकडचे एक कारकून तिथं खाटांवर होते. तिघेही जोरात कुंपण म्हणायचे. त्यांतला म्हातारा गेला. गाडीवान आणि कारकून बरे झाले. आमच्या माळावरूनही सगळी माणसं परत वाडीत गेली नाहीत, हेही सांगायला हवं. पण शिवणबाय परत आली. मोठीबायनं आणली. दोघींना काही दिवस वेगळं ठेवून मग सोडलं, तेव्हा मोठीबाय इतकी वाळली होती की दारातून एकदाच आत आली. सून पुढं झाली आणि तिच्या पायाशी बसली. "पानी उकळून ठेवलंय ना?" मोठीबायनं विचारलं. सुनेनं मान हलवली. "मग झालं."

पावसाच्या आधी देऊळ उघडलं. भिंतींना नवा चुना होता, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. पहिल्या रविवारी सगळे अंघोळी करून, ठेवणीतली लुगडी नेसून आलो. मोठीबाय दुसऱ्या रांगेत बसली आणि तिच्या शेजारी, कुणी न सांगता, शिवणबाय येऊन बसली. बाकीच्या बायकांनी जागा सरकवून दिली. मी त्यांच्या मागे होते.

पाद्रीबाबा वेदीवर आले. मिस्सा सुरू झाली, आणि पहिल्या दोन-चार प्रार्थनांत मोठीबायचं डोकं एकीकडे कललं. आधी मला वाटलं ती ध्यान करते आहे. मग डोकं पार शिवणबायच्या खांद्यावर टेकलं. ती झोपली होती. अशी गाढ, की घंटा वाजली तरी पापणी हलली नाही. तो खांदा फोडलेल्या गाठीच्या बाजूचा होता. जखम अजून पुरती भरली नव्हती. शिवणबायनं दात आवळले, पण ती हलली नाही.

पाद्रीबाबा प्रवचनासाठी वळले, त्यांनी ते पाहिलं आणि आवाज इतका खाली आणला की मागच्या रांगांना नुसते ओठ दिसत होते. कुणीच कुरकूर केली नाही. मिस्सा संपली. लोक पायांचा आवाज न करता बाहेर गेले. पाद्रीबाबांनी मेणबत्त्या विझवल्या. देऊळ रिकामं झालं तरी त्या दोघी तशाच.

मी पुढं वाकून मोठीबायच्या खांद्याला हात लावणार, तोच शिवणबायनं माझं मनगट धरलं.

"नको गो," ती कुजबुजली. "झोपू दे. उठली का बोलंल."